बलाढ्य देश शेजारच्या छोट्या देशांत सैन्य का घुसवतात?

नकाशेवेडा (धागाकर्ता)

युक्रेनवर कुठेही चर्चा सुरू झाली की दहा मिनिटांत दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, नाटो सीमेपर्यंत आली म्हणून रशियाला उतरावंच लागलं. दुसऱ्याचं म्हणणं, ही सरळसरळ साम्राज्याची भूक आहे. दोघेही पोटतिडकीने बोलतात, पण एकाच युद्धाबद्दल. मला तोच प्रश्न जरा लांबून विचारायचा आहे.

गेल्या शंभरेक वर्षांत हे किती वेळा घडलं बघा. १९१५ हैती. १९३९ फिनलंड. १९५६ हंगेरी. १९६५ डॉमिनिकन रिपब्लिक. १९६८ चेकोस्लोव्हाकिया. १९७९ च्या सुरुवातीला चीन व्हिएतनाममध्ये, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात. १९८३ ग्रेनाडा, १९८९ पनामा, १९९० कुवेत, २००८ जॉर्जिया. विचारसरणी वेगळ्या, खंड वेगळे, पण जाहीर केलेली कारणं आलटूनपालटून तीच: आमची माणसं तिथे धोक्यात होती, तिथल्या सरकारनेच बोलावलं, किंवा आमच्याच सुरक्षेचा प्रश्न होता.

माझ्या मते मुळाशी भीती असते. शेजारी उद्या कोणाच्या गोटात जाईल, याची भीती. पण ग्रेनाडापाशी माझं गाडं अडतं. लाखभर वस्तीचं बेट. त्याची जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाला कसली भीती?

जाणकारांनी लिहावं. कुठल्याही एका देशाला शिव्या घालायला हा धागा नाही, एवढी विनंती.

साळुंकी

करू शकतात म्हणून करतात. अडवणार कोण?

तटबंदी

साळुंकी, असहमत. करू तर ते रोजच शकतात. कोस्टा रिकाने १९४८ साली आपलं सैन्यच मोडीत काढलं. अमेरिकेला तिथे उतरायला एक दिवस लागला नसता, पण ती उतरली नाही. जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तानात दंगली उसळल्या, तिथल्या अध्यक्षांनी मदत मागितली, रशियाच्या नेतृत्वाखालच्या फौजा गेल्या आणि दोनेक आठवड्यांत परतही आल्या. त्यानंतर पाचेक आठवड्यांत तोच रशिया युक्रेनमध्ये शिरला. ताकद दोन्हीकडे तीच होती. म्हणजे ताकद ही अट झाली, कारण नव्हे.

दर्यावर्दी

मी या प्रश्नाकडे पाण्याच्या बाजूने बघतो. मोठ्या देशांना पूर्ण शेजारी देश क्वचितच हवा असतो, त्यांना त्यातली एखादी जागा हवी असते.

फिनलंडचंच घ्या. १९३९ च्या शरद ऋतूत स्टालिनची मागणी काय होती? सीमा लेनिनग्राडपासून जेमतेम ३२ किलोमीटरवर होती, ती मागे सरकवा आणि फिनलंडच्या आखाताच्या तोंडावरचं हांको बंदर भाड्याने द्या. बदल्यात करेलियातला त्याहून मोठा प्रदेश द्यायची तयारी होती. फिनलंडने नकार दिला आणि ३० नोव्हेंबरला हल्ला झाला. क्यूबात अमेरिकेला ग्वांतानामो हवं होतं. १९०१ साली प्लॅट दुरुस्ती (अमेरिकेला क्यूबात हस्तक्षेपाचा हक्क देणारी) क्यूबाच्या घटनेत घालायला लावली, १९०३ मध्ये तळ भाड्याने घेतला. १९३४ मध्ये ती दुरुस्ती रद्द झाली, तळ आजही आहे. सेव्हास्तोपोलमधला रशियाचा आरमारी तळ २०१० च्या करारानुसार २०४२ पर्यंत रशियाकडे राहणार होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये कीव्हमधलं सरकार कोसळलं आणि आठवडा उलटायच्या आत बिनबिल्ल्याच्या गणवेशातले सैनिक क्रिमियाच्या संसदेत होते.

नकाशेवेडा, ग्रेनाडातही जागाच होती. पॉइंट सॅलिन्सला क्यूबन कामगार लांबच लांब धावपट्टी बांधत होते. ग्रेनाडाचं सरकार म्हणायचं पर्यटनासाठी, रेगन म्हणायचे सोव्हिएत विमानांसाठी. मार्च १९८३ च्या भाषणात त्यांनी तिचा हवाई फोटो टीव्हीवर दाखवला होता. गंमत पुढे आहे: हल्ल्यानंतर तीच धावपट्टी अमेरिकेच्या मदतीने पूर्ण झाली आणि १९८४ मध्ये पर्यटकांसाठी खुली झाली. २००९ पासून त्या विमानतळाला मॉरिस बिशप यांचं नाव आहे, म्हणजे ज्यांच्या सरकारने तो बांधायला घेतला त्यांचंच.

शाईपेन

भीती आणि बंदरं ठीक आहेत, पण पैशाबद्दल कोणीच कसं बोलत नाही?

डिसेंबर १९१४. अमेरिकन नौसैनिक पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये उतरले, हैतीच्या राष्ट्रीय बँकेतून पाच लाख डॉलरचं सोनं उचललं, युद्धनौकेवर चढवलं आणि न्यूयॉर्कच्या एका बँकेच्या तिजोरीत नेऊन ठेवलं. हे प्रत्यक्ष ताब्याच्या सात महिने आधी. जुलै १९१५ मध्ये हैतीच्या अध्यक्षांना जमावाने ठार मारलं आणि त्याच दिवशी मरीन्स उतरले. सांगितलं गेलेलं कारण सुव्यवस्था. फौजा राहिल्या १९३४ पर्यंत, आणि देशाच्या तिजोरीवरचं अमेरिकन नियंत्रण १९४७ पर्यंत. मधल्या काळात रस्ते बांधायला शेतकऱ्यांना वेठबिगारीवर जुंपलं, त्यातून बंड झालं आणि ते चिरडलं.

कुवेतही तसंच. इराणशी आठ वर्षं लढून इराक कर्जात बुडाला होता आणि त्यातला मोठा हिस्सा कुवेतचा होता. कुवेत कर्ज माफ करेना, तेल जास्त उपसून भाव पाडतो असा सद्दामचा आरोप. २ ऑगस्ट १९९० ला त्याने सावकारालाच गिळलं. यात भीती शोधायला फार ताण द्यावा लागतो.

तटबंदी

शाईपेन, हैतीबाबत पूर्ण सहमत. पण पैशाच्या सिद्धांतात हंगेरी, अफगाणिस्तान बसत नाहीत. तिथे सोव्हिएत संघाने कमावलं काय? घालवलंच जास्त.

रात्रपाळी

हंगेरीवर सविस्तर लिहितो, कारण हा निर्णय कसा झाला ते आपल्याला जवळजवळ दिवसागणिक माहीत आहे. सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या अध्यक्षमंडळाच्या बैठकांची टिपणं नंतर उजेडात आली.

सर्वसाधारण समज असा की पंतप्रधान इम्रे नॉज यांनी हंगेरी वॉर्सा करारातून (सोव्हिएत गटाच्या लष्करी करारातून) बाहेर काढली म्हणून रणगाडे आले. तारखा तसं सांगत नाहीत. ३० ऑक्टोबर १९५६ ला मॉस्कोत चक्क माघारीच्या बाजूने निर्णय झाला होता, समाजवादी देशांशी बरोबरीच्या नात्याचं निवेदनही निघालं. ३१ तारखेला तो फिरवला. नॉज यांनी तटस्थता जाहीर केली १ नोव्हेंबरला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, सोव्हिएत फौजा पुन्हा आत सरकताना दिसल्यावर. तटस्थता हे हल्ल्याचं कारण नव्हतं, हल्ल्याला दिलेलं उत्तर होतं.

मग त्या एका रात्रीत बदललं काय? बुडापेस्टमध्ये पक्षाच्या शहर कार्यालयावर जमावाने हल्ला केला, सुरक्षा पोलिसांना रस्त्यात मारलं, त्याच्या बातम्या पोचल्या. आणि तिकडे ब्रिटन-फ्रान्सने सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर बॉम्बफेक सुरू केली. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हचा युक्तिवाद टिपणात आहे: आपण आता हंगेरीतून निघालो तर साम्राज्यवाद्यांना इजिप्तबरोबर हंगेरीही दिल्यासारखं होईल, ते याला आपला दुबळेपणा समजतील. स्वतःच्या पक्षात लोक काय म्हणतील हीही चिंता होती.

म्हणजे नकाशेवेडा म्हणतात ती भीती आहेच, पण ती हंगेरीची नाही. बघणाऱ्यांची आहे. इतर अंकित देश बघताहेत, शत्रू बघतोय, घरातले प्रतिस्पर्धी बघताहेत. ४ नोव्हेंबरला रणगाडे आले, सुमारे अडीच हजार हंगेरियन मेले, दोन लाख माणसं देश सोडून गेली. नॉज यांना १९५८ मध्ये फाशी दिलं.

ग्रेनाडाचं कोडं मला इथेच सुटताना दिसतं. बेट लहान असलं तरी प्रेक्षक लहान नव्हते. निकाराग्वा बघत होता, क्यूबा बघत होता.

वळवाचापाऊस

ग्रेनाडाबद्दल मी वेगळंच ऐकलंय. २३ ऑक्टोबरला बैरुतमध्ये स्फोटात २४१ अमेरिकन सैनिक मेले आणि दोन दिवसांनी ग्रेनाडा. देशातला संताप वळवायला केलेली कारवाई होती ती.

रात्रपाळी

तारीख जुळते, क्रम जुळत नाही. बिशप यांना त्यांच्याच पक्षातल्या विरोधी गटाने १९ ऑक्टोबरला गोळ्या घातल्या. बैरुतकडे निघालेला अमेरिकन ताफा स्फोटाच्या आधीच ग्रेनाडाच्या दिशेने वळवला होता. बैरुतमुळे कारवाई रद्द करणं अवघड झालं असेल, तेवढं मान्य. पण सुरुवात तिथून नाही.

कोरांटी

इतका वेळ सगळेजण मोठ्या देशाच्या डोक्यात काय चालतं तेवढंच बघताहेत. मला वाटतं छोट्या देशात त्या आठवड्यात काय चाललं होतं ते आधी बघावं. नकाशेवेडांच्या यादीतले बहुतेक प्रसंग छोट्या देशातलं सरकार फुटलेलं असताना घडलेत. हैतीत अध्यक्ष मारला गेला. ग्रेनाडात पंतप्रधान मारला गेला. हंगेरीत पक्ष दुभंगला. अफगाणिस्तानात अमीनने आपल्याच पक्षातल्या अध्यक्ष तराकीला संपवलं. २०१४ ला कीव्हमध्ये सत्तापालट. शेजारी घुसतो तो फटीतून, आणि फार वेळा दार आतून उघडलेलं असतं.

प्रागचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. ऑगस्ट १९६८ च्या सुरुवातीला ब्रातिस्लाव्हात सोव्हिएत गटाच्या नेत्यांची बैठक होती. चेकोस्लोव्हाकियाचे सुधारणावादी नेते दुबचेकही होते, हसतमुखाने फोटो निघत होते. त्या बैठकीच्या वेळी वासिल बिल्याक या त्यांच्याच पक्षातल्या कट्टर नेत्याने एक पत्र सोव्हिएत नेते ब्रेझनेव्हपर्यंत पोचवलं. कुठे दिलं? पुरुषांच्या स्वच्छतागृहात, मध्यस्थाच्या हाती. पाच जणांच्या सह्या. रशियन भाषेत, म्हणजे भाषांतराचीसुद्धा खोटी नको. मजकूर असा की समाजवाद धोक्यात आहे, तुमच्याकडच्या सर्व साधनांनिशी मदत करा. २० ऑगस्टच्या रात्री फौजा शिरल्या. निमंत्रण आलं होतं असं मॉस्को जगाला सांगत राहिलं, पण निमंत्रण देणाऱ्यांची नावं सांगेना. ते पत्र मॉस्कोच्या कपाटात मोहोरबंद पडून होतं. १९९२ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिननी ते चेक नेते हावेल यांच्याकडे सोपवलं तेव्हा सह्या दिसल्या.

हंगेरीत कम्युनिस्ट नेता कादारने हेच उघडपणे केलं. ग्रेनाडात गव्हर्नर जनरल स्कून यांचं पत्र होतं, आणि ते फौजा उतरण्याआधी लिहिलं की नंतर यावर वाद आहे. म्हणून माझं उत्तर: भीती, हाव, जागा, पैसा ही इच्छा झाली. ती कायमच असते. ती प्रत्यक्षात उतरते आतला कोणी हाक मारतो तेव्हा.

साळुंकी

कोरांटी, पत्राचा किस्सा जबरदस्त. पण मग फिनलंड? तिथे कुठे कोण फुटलं होतं?

कोरांटी

फिनलंडला आतून हाक मारणारा मिळाला नाही म्हणूनच ते युद्ध तसं झालं! स्टालिनने तयारी केली होती. ओट्टो कूसिनेन हा मॉस्कोत राहणारा फिनिश कम्युनिस्ट, त्याचं 'सरकार' सीमेलगतच्या तेरियोकी गावात पहिल्याच दिवसांत उभं केलं आणि त्याच्याशी करारही केला. अपेक्षा अशी की फिनिश कामगार उठतील. १९१८ मध्ये फिनलंडमध्ये लाल आणि पांढरे असं भीषण यादवी युद्ध होऊन गेलं होतं, जखम वीस वर्षांची होती, त्यामुळे अपेक्षा अगदीच हवेतली म्हणता येत नाही. पण एकही कामगार संघटना तिकडे गेली नाही. मार्च १९४० मध्ये मॉस्कोने त्या सरकारचं नाव टाकलं आणि हेलसिंकीतल्या खऱ्या सरकारशी तह केला. फिनलंडने सुमारे ११ टक्के भूभाग गमावला, चार लाखांवर माणसं विस्थापित झाली, पण देश राहिला.

कुवेतमध्येही तेच. सद्दामने एक 'हंगामी मुक्त सरकार' काढलं, त्याला कुवेतमधून पाठिंबा मिळेना, मग काही दिवसांत त्याने सरळ विलीनीकरणच जाहीर केलं.

दर्यावर्दी

पण कोरांटी, दोन्हीकडे हल्ला झालाच ना? आतून कोणी न बोलावता? म्हणजे तुमचं दार हल्ल्याचं कारण ठरवत नाही, हल्ल्यानंतर काय होतं ते ठरवतं. माझ्या मते हा फरक मोठा आहे.

कोरांटी

फरक आहे, आणि महत्त्वाचा आहे. तरी एवढं म्हणेन की तेरियोकीचं सरकार चालेल असं वाटलं नसतं तर स्टालिनने इतक्या अपुऱ्या तयारीने, ऐन हिवाळ्यात हल्ला केला असता का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आतून साथ मिळेल ही नुसती आशासुद्धा हल्ला स्वस्त भासवते. २०२२ मध्ये कीव्ह काही दिवसांत पडेल ही समजूत त्याच जातीची.

हिरवाकंदील

आता थोडं आपल्याबद्दल. भारताचं नाव यादीत नाही, पण १९८७ ते १९९० आपलंही सैन्य शेजारच्या छोट्या देशात होतं.

माझे काका शांतिसेनेत जाफन्याला होते. त्या काळाबद्दल ते फार बोलत नाहीत. सांगतात ते एवढंच: पहिले काही आठवडे लोक हार घेऊन यायचे, कोणत्याही घरी पाणी मागा, मिळायचं. ऑक्टोबरात एलटीटीईशी लढाई जुंपली आणि त्याच गल्ल्यांमधून चालताना ताडाच्या झापांच्या कुंपणापलीकडे कोण उभं आहे ते कळेनासं झालं. रस्त्यावर पाय टाकायची भीती, कारण सुरुंग खाली. दारं तीच, पण आता बंद. काका म्हणतात, आम्ही तमिळांना वाचवायला गेलो असं आम्हाला सांगितलं होतं, आणि गोळ्या आमच्यावर तमिळ मुलंच झाडत होती. दिवस संपेपर्यंत हे डोक्यात बसायचं नाही.

सुमारे बाराशे भारतीय जवान तिथे मारले गेले. करार जयवर्धने सरकारशी झाला होता, एलटीटीईने त्यावर सही केली नव्हती. पुढे प्रेमदासा अध्यक्ष झाले आणि त्यांनीच निघा म्हणून सांगितलं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. काकांना सगळ्यात जास्त तेच लागलंय.

आपण का गेलो होतो? तमिळांची काळजी खरी होती. पण २९ जुलै १९८७ च्या कराराबरोबर दोन्ही नेत्यांनी एकमेकांना पत्रं दिली. त्यात त्रिंकोमाली बंदर भारताच्या हिताविरुद्ध कोणाला वापरायला देणार नाही, परदेशी रेडिओ केंद्रांचा वापर लष्करी कामाला होणार नाही, असे मुद्दे आहेत. ती वाचली की दर्यावर्दींचं म्हणणं आठवतं. जागा, बंदर.

वळवाचापाऊस

श्रीलंका ठीक, पण ७१ ला कृपया याच टोपलीत टाकू नका. एक कोटी निर्वासित भारतात आले होते. जगातला कोणता देश गप्प बसला असता?

शाईपेन

७१ मध्येही भारताचं हित होतंच की. दोन बाजूंना पाकिस्तान असणं कोणाला हवं होतं?

तटबंदी

हित होतं म्हणून कृत्य वाईट ठरत नाही, आणि हेतू चांगला सांगितला म्हणून चांगलं ठरत नाही. मी एक साधी कसोटी लावतो: काम झाल्यावर फौज परत कधी आली?

ढाका १६ डिसेंबर १९७१ ला पडलं. मुजीब यांनी भारतीय सैन्य परत न्यायची विनंती केली आणि मार्च १९७२ मध्ये ते परत आलं. आता त्याच्या बाजूला व्हिएतनामचं उदाहरण ठेवा. कंबोडियातल्या पोल पॉटच्या राजवटीने सीमेपलीकडच्या व्हिएतनामी गावांत कत्तली केल्या होत्या, स्वतःच्या देशात तर केल्याच. व्हिएतनामी फौजांनी ७ जानेवारी १९७९ ला नॉम पेन्ह घेतलं आणि ते भयंकर प्रकरण संपवलं. कंबोडियातल्या माणसांच्या दृष्टीने हा जीवदानाचाच प्रसंग. पण फौज राहिली १९८९ पर्यंत, आणि सुटका करणारे हळूहळू ताबेदार दिसू लागले.

संयुक्त राष्ट्रांची मतं बघून न्याय ठरवू म्हणाल तर तेही जमत नाही. ग्रेनाडा हल्ल्याचा निषेध महासभेत १०८ विरुद्ध ९ मतांनी झाला. डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध थांबवा, फौजा मागे घ्या हा ठराव १०४ विरुद्ध ११ ने झाला, त्या अकरात भारत होता. आणि कंबोडियाची जागा संयुक्त राष्ट्रांत कित्येक वर्षं पोल पॉटच्याच लोकांच्या आघाडीकडे ठेवली गेली. बहुतांश देश स्वतः छोटे आहेत. सीमा ओलांडली की ते विरोधात मत देतात, कारण काहीही असो, आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

साळुंकी

म्हणजे कायद्याला काही अर्थच नाही?

तटबंदी

अर्थ आहे, बळ कमी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) बळाचा वापर करू नका सांगतं, कलम ५१ स्वसंरक्षणाची मुभा देतं, आणि जो तो ५१ चा आधार घेऊन घुसतो. निकाराग्वा १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात अमेरिकेविरुद्ध खटला जिंकला. बंदरांत सुरुंग पेरणं, काँट्रा बंडखोरांना शस्त्रं देणं बेकायदेशीर ठरलं. अंमलबजावणीचा ठराव सुरक्षा परिषदेत आला तेव्हा अमेरिकेने नकाराधिकार वापरला. तरीही मी त्या निकालाला फुकट म्हणणार नाही. आज कोणताही छोटा देश स्वतःची बाजू मांडताना तोच निकाल पुढे करतो.

मोडीवाचक

उशिरा आलो. दोन आफ्रिकी प्रसंग कोणी घेतले नाहीत, ते घेतो, कारण चर्चा फार महासत्तांभोवती फिरतेय. बलाढ्य हे सापेक्ष असतं.

लेसोथो हा चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला डोंगराळ देश. मे १९९८ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला साठेक टक्के मतं आणि ८० पैकी ७९ जागा. विरोधक रस्त्यावर, सैन्यात बंडाळी. पंतप्रधानांनी शेजाऱ्यांना बोलावलं. २२ सप्टेंबरला दक्षिण आफ्रिकेची फौज शिरली, मंडेला परदेशी होते, हंगामी अध्यक्ष बुथेलेझी यांनी आदेश दिला. आता कोरांटी आणि दर्यावर्दी दोघांनीही बघा: निमंत्रण खरं होतं, निवडून आलेल्या सरकारचं होतं. आणि फौजेची एक तुकडी राजधानीकडे न जाता थेट कात्से धरणावर गेली. त्या धरणाचं पाणी जोहान्सबर्गच्या पट्ट्याला जातं. धरणावर पहाऱ्याला असलेले लेसोथोचे सोळा सैनिक तिथे मारले गेले. तोवर राजधानी मासेरूत लूट आणि जाळपोळ चालू होती आणि ती आवरायला पुरेशी माणसं नव्हती. पहिल्या दिवशी फौज कुठे जाते ते बघावं, जाहीर निवेदनापेक्षा ते जास्त सांगतं.

दुसरा गांबिया. तीन बाजूंना सेनेगल. अध्यक्ष जाम्मेह डिसेंबर २०१६ ची निवडणूक हरले, आधी पराभव मान्य केला, आठवड्याभरात फिरले. विजयी उमेदवार बॅरो यांनी १९ जानेवारी २०१७ ला सेनेगलच्या राजधानीत, डकारमधल्या गांबियाच्या वकिलातीत शपथ घेतली, त्याच दिवशी पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेच्या झेंड्याखाली सेनेगलची फौज सीमेपार आली, दोन दिवसांत जाम्मेह देश सोडून गेले. जवळजवळ गोळी न झाडता. तिथल्या सेनाप्रमुखाने आधीच सांगून टाकलं होतं की राजकीय भांडणासाठी माझे सैनिक मरणार नाहीत.

दर्यावर्दी

मोडीवाचक, कात्से धरणाचं उदाहरण माझ्या मताला इतकं पोषक आहे की मीच शोधायला हवं होतं. :)

शाईपेन

चीन-व्हिएतनाम राहिलं. तिथे ना जागा, ना पैसा, ना निमंत्रण.

रात्रपाळी

तिथे 'धडा शिकवणं' होतं, चीनचे नेते तंग शाओफिंग उघडपणे तसंच म्हणत होते. व्हिएतनामने नोव्हेंबर १९७८ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्रीकरार केला, डिसेंबरअखेर कंबोडियात शिरला. चीनने १७ फेब्रुवारीला हल्ला केला, लांग सोन घेतलं, १६ मार्चपर्यंत परत. व्हिएतनाम कंबोडियातून हलला नाही. पण सोव्हिएत संघ मित्रासाठी युद्धात उतरला नाही, हे सगळ्या आशियाने पाहिलं. चीनला दाखवायचं होतं ते हेच होतं, आणि त्यासाठी दोन्हीकडे हजारोंनी माणसं मेली. प्रेक्षकांसाठी केलेलं युद्ध म्हणतो ते असं असतं. मला या प्रकारचा सगळ्यात जास्त संताप येतो, कारण मरणाऱ्याचा त्या संदेशाशी काही संबंध नसतो.

नकाशेवेडा (धागाकर्ता)

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. मूळ प्रश्नाकडे येतो.

भीती हा माझा मुद्दा मी सोडत नाही, पण रात्रपाळींनी त्याला नेमकं टोक दिलं. मार्च १९७९ मध्ये तराकी मॉस्कोकडे फौज मागत होते तेव्हा पॉलिट ब्युरोने (सोव्हिएत पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने) साफ नाही म्हटलं होतं. अफगाणिस्तान तेवढाच कमकुवत होता, हाक मारणाराही होता. डिसेंबरात तेच लोक हो म्हणाले, कारण अमीन अमेरिकेकडे झुकेल असा संशय बळावला होता. अमीननेही फौज मागितली होती. २७ डिसेंबरला त्याला त्याच्या महालात मारलं ते त्याने बोलावलेल्याच फौजेने. मोठा देश शेजाऱ्याचं राजकारण स्वतःच्याच घरचं समजतो. ते हातातून निसटतंय असं वाटलं की मग तो निमंत्रण, नागरिक, सुरक्षा यांतलं हाताशी येईल ते कारण उचलतो. त्या शेजाऱ्याला स्वतःचं म्हणून काही हवं असेल, हा विचार त्याच्या खोलीत कोणी मांडतच नाही.

माझा पुढचा प्रश्न: मग छोट्या देशाने करायचं काय? फिनलंडने १९४८ नंतर मॉस्कोची मर्जी सांभाळत आपली लोकशाही टिकवली, त्यासाठी वर्तमानपत्रांनी जीभ आवरली. २०२३ मध्ये मात्र तो नाटोत गेलाच. युक्रेनने १९९४ मध्ये बुडापेस्टला हमीच्या कागदावर अण्वस्त्रं सोडली.

हिरवाकंदील

मालदीवचाही अभ्यास व्हायला हवा. नोव्हेंबर १९८८ मध्ये भाडोत्री सैनिकांनी माले ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली, त्याच रात्री आग्र्याहून निघालेलं आपलं विमान हुलुले विमानतळावर उतरलं. बंड मोडलं. बहुतेक सैन्य लवकर परतलं, कोणी आपल्याला ताबेदार म्हटलं नाही. पण २०२३ ची तिथली निवडणूक मुईझ्झू यांनी भारतीय सैनिक परत पाठवण्याच्या आश्वासनावर जिंकली. विमानं-हेलिकॉप्टरं सांभाळणारे ऐंशीच्या आसपास जवान होते, ते मे २०२४ पर्यंत परत आले आणि जागी तंत्रज्ञ गेले. निघा म्हटल्यावर निघालो, मला हे चांगलं वाटलं. काकांनाही.

कोरांटी

छोट्या देशाने काय करावं यावर माझ्याकडे एकच ठोस उदाहरण आहे, तेही मोडीवाचकांच्याच प्रतिसादातून सुचलं. लेसोथोने १९९८ नंतर निवडणूक पद्धतच बदलली. २००२ पासून काही जागा मतांच्या प्रमाणात वाटतात, म्हणजे हरणाऱ्याला संसदेत बसायला जागा मिळते आणि रस्त्यावर यायची गरज कमी होते. शेजाऱ्याचं सैन्य तुमच्या हातात नाही, घरातली फूट थोडीफार आहे.

मोडीवाचक

बरोबर, पण तिथली सरकारं त्यानंतरही पडत राहिली आणि २०१४ मध्ये पुन्हा सैन्याची गडबड झालीच. त्या वेळी दक्षिण आफ्रिकेने मोठी फौज न धाडता मध्यस्थी केली, उपाध्यक्ष रामफोसा जाऊन बसले. हा बदल का झाला यावर लिहिण्यासारखं बरंच आहे. रविवारी वेगळा धागा काढतो, कात्से धरणाच्या पाणीकरारापासून सुरुवात करून.